विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमचं मिलिंग: ६०६१, २०२४, ७०७५ आणि ७०५० कापताना नेमका फरक काय पडतो?

कॅमकर

चार मटेरियलची तुलना हवी आहे: ६०६१-टी६५१, २०२४-टी३५१, ७०७५-टी७३५१ आणि ७०५०-टी७४५१ (पहिला आकडा मिश्रधातूचा ग्रेड, ‘टी’वाला टेंपर, म्हणजे उष्मोपचाराची स्थिती). जॉब सगळे एकाच घराण्यातले. प्लेटमधून कोरून काढायच्या रिब आणि ब्रॅकेट, लांबी ३०० ते ६०० मिमी, भिंती १.५ ते ३ मिमी, पॉकेट ४० मिमीपर्यंत खोल. मशीन दोन प्रकारची धरा (बीटी४० आणि एचएसके-ए६३ हे स्पिंडलमध्ये टूल होल्डर बसवण्याचे प्रकार): बीटी४० टेपर आणि १२,००० आरपीएम, किंवा एचएसके-ए६३ आणि २४,००० आरपीएम.

मशिनेबिलिटीच्या तक्त्यात २०२४ आणि ७०७५ पुढे ‘बी’ दिसतं, ६०६१ पुढे ‘सी’. चौघांत सगळ्यात कमी ताकदीचं मटेरियल कापायला सगळ्यात वाईट, हे कसं? आणि दोन ‘बी’ वाल्यांत काहीच फरक नाही का? कृपया आकड्यांसकट लिहा.

तीनफ्लूट

तो शेरा चिपबद्दल आहे. चिप किती सहज तुटते आणि पृष्ठभाग किती स्वच्छ येतो, एवढंच त्या ए-ते-ई श्रेणीत बघितलेलं असतं. तुमच्या भिंती सरळ येतील की नाही, यावर ती काही बोलत नाही.

६०६१ ला ‘सी’ का, ते आधी. टी६ मध्ये त्याचा ब्रिनेल कडकपणा साधारण ९५. २०२४-टी३५१ चा १२०, ७०५०-टी७४५१ चा १४० च्या आसपास, ७०७५-टी६ चा १५०. मटेरियल मऊ असलं की चिप कातरून सुटण्याआधी बरीच दाबली जाते, धारेवर घासत वर चढते आणि तिथेच चिकटून बसते. कटर काढून दहापट भिंगाखाली धरा. धारेच्या अगदी टोकाशी राखाडी, खडबडीत थर दिसेल, नखाने खरवडला तरी न निघणारा. त्या क्षणी जॉब कापत असतो तो हा थर, तुमची धार नव्हे. थर वाढतो, सुटतो, पुन्हा वाढतो. सुटताना कधी कार्बाइडचा कण उपटून नेतो, कधी स्वतःच भिंतीवर लेपला जातो. भिंतीवर माशाच्या खवल्यांसारखे ठिपके दिसले तर कारण हेच समजा.

चिपच हातात घेऊन बघा. ७०७५ ची चिप आखूड, स्वल्पविरामाच्या आकाराची, आतल्या बाजूने आरशासारखी. २०२४ ची थोडी लांब, वळलेली, चमक कमी. ६०६१ ची सगळ्यात लांब, कडा फाटलेल्या. बरही (कापल्यावर कडेला उरणारी कोर) त्याच क्रमाने वाढतो. ७०७५ चा बर बोटाने मोडतो, ६०६१ चा वाकतो पण तुटत नाही, डीबरिंगचा वेळ तिथे जातो.

आता आकडे. १२ मिमीचा ३ फ्लूटचा (तीन दातांचा) कार्बाइड एंडमिल १२,००० आरपीएमवर फिरवला की कटिंग स्पीड ४५२ मी/मिनिट येतो. चारही मटेरियलला हा वेग सहज पेलतो, कटर मुळीच मर्यादेवर नसतो. मर्यादा स्पिंडलची आहे. २४,००० वर हाच कटर ९०५ मी/मिनिट देतो आणि तिथे ६०६१ चं चिकटणं बरंच कमी होतं, कारण असा थर धरायला कमी वेग मानवतो. म्हणून मंद मशीनवर ६०६१ आणि ७०७५ मधला फरक ढळढळीत दिसतो, वेगवान मशीनवर तो पुसट होतो.

फीड दाताला ०.१० मिमी धरा, म्हणजे १२,००० वर ३,६०० मिमी/मिनिट. ‘हळू चालवू, फिनिश चांगली येईल’ म्हणून ०.०२ वर आणाल तर धार कापायचं सोडून घासायला लागेल. सगळ्यात आधी ६०६१ मध्ये, मग २०२४ मध्ये.

मायक्रॉनवाला

तीनफ्लूट यांनी चिपची बाजू चांगली मांडली. पण ३०० ते ६०० मिमीच्या रिबवर जॉब रिजेक्ट होतो तो चिपमुळे फारच क्वचित. तो वाकल्यामुळे जातो. म्हणून ग्रेडच्या आधी टेंपर वाचा.

मागे ‘५१’ आहे का, हे सगळ्यात आधी बघायचं. टी६ म्हणजे सोल्युशन ट्रीटमेंट (तापवून घटक धातूत विरघळवणं), क्वेंचिंग (झपाट्याने गार करणं) आणि भट्टीत एजिंग (मंद तापवून कडक करणं). क्वेंचमध्ये प्लेटची कातडी आधी गार होते, गाभा नंतर, त्यामुळे पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडून राहतो. टी६५१ मध्ये क्वेंचनंतर प्लेट १.५ ते ३ टक्के ताणतात, आणि कोंडलेला ताण बराचसा निघून जातो. ७३५१, ७४५१, ३५१ मधली शेवटची ५१ हेच सांगते. हँड फोर्जिंगला ताणता येत नाही, म्हणून दाबून ताण काढतात, तिथे ‘५२’ लिहिलेलं असतं. एक्स्ट्रूजनला ६५१० किंवा ६५११. दुसऱ्यात ताणल्यावर किरकोळ सरळ करायची मुभा असते, आणि सरळ केलं म्हणजे पुन्हा थोडा ताण आत गेला.

न ताणलेल्या टी६ मध्ये एका बाजूने पॉकेट मारलीत की दाबाखालची वरची कातडी गेली, खालची राहिली. खालची पसरायला बघते आणि जॉबची टोकं वर, कापलेल्या बाजूला उचलली जातात. वाइस सोडताना डायल टोकावर लावून ठेवा. शेवटचा अर्धा फेरा सैल होताना काटा झपकन फिरतो, तो क्षण पाहिला की टेंपर वाचायची सवय आपोआप लागते.

दुसरं, टी७३ म्हणजे मुद्दाम पुढे नेलेलं एजिंग, स्ट्रेस करोजन (ताणाखाली गंजून तडे जाणं) टाळण्यासाठी. ताकद थोडी जाते: ७०७५-टी६५१ ची यील्ड (कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा) सुमारे ५०३ एमपीए, टी७३५१ ची ४३५ च्या आसपास. कापताना मात्र हा फरक कळतही नाही. त्यामुळे ड्रॉइंगवर टी७३५१ आहे आणि गोदामात टी६५१ पडलंय, म्हणून अदलाबदल करू नका. कटरला फरक पडत नाही, विमानाला पडतो.

उष्मोपचार

मायक्रॉनवाला यांच्या मुद्द्याला पुरवणी. ७०७५ आणि ७०५० यांच्यात कापण्याच्या दृष्टीने खरा फरक जाडीत आहे. ७०७५ मध्ये क्रोमियम असतं, ०.१८ ते ०.२८ टक्के. ७०५० मध्ये त्याऐवजी झिर्कोनियम, ०.०८ ते ०.१५ टक्के. क्रोमियममुळे मिश्रधातू क्वेंचच्या वेगाला नाजूक होतो. जाड प्लेटचा गाभा हळू गार झाला की तिथली ताकद उतरते. म्हणून ७०७५ साधारण १०० मिमी जाडीपर्यंत ठीक, त्यापुढे २०० मिमीपर्यंतच्या प्लेटला ७०५० घेतात. खोल पॉकेटच्या तळाशी कटर पोचतो तेव्हा ७०५० मध्ये वरचंच मटेरियल खालीही भेटतं.

थोडा इतिहासही इथे कामाचा आहे. २०२४ हे १९३१ चं, ७०७५ हे अल्कोआने १९४३ मध्ये आणलेलं, ७०५० बऱ्याच नंतरचं. दोन्ही जुने मिश्रधातू पत्र्याच्या आणि पातळ प्लेटच्या काळातले. जाड ठोकळ्यातून अख्खी रिब कोरून काढायची आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मटेरियलची चिप करायची, ही पद्धत रुळल्यावर जाड प्लेटसाठी वेगळा धातू लागला.

कॅमकर

हे फार उपयोगी. म्हणजे ७०७५ ताकदवान, म्हणून त्याच्या पातळ भिंती ६०६१ पेक्षा कमी थरथरतील, असं धरायचं का?

मायक्रॉनवाला

नाही, अजिबात धरू नका. ताकद आणि ताठपणा या वेगळ्या गोष्टी. ६०६१ चा यंग्ज मॉड्युलस (ताठपणाचं माप) ६९ जीपीए, ७०७५ चा ७२ च्या आसपास, २०२४ चा ७३. कटरने भिंतीवर ५० न्यूटन दिले तर चारही भिंती जवळपास सारख्याच वाकतील. ७०७५ ची भिंत परत येईल, ६०६१ ची फार वाकली तर कायमची वाकडी राहील, फरक इतकाच.

थरथर ठरते जाडी आणि उंचीवर. भिंत वाकण्याचं प्रमाण उंचीच्या घनाने वाढतं, जाडीच्या घनाने कमी होतं. जाडी दुप्पट ठेवली की भिंत आठपट ताठ. तुमची १.५ मिमीची भिंत ४० मिमी उंच असेल तर प्रमाण २७ ला १ होतं. पंधरापर्यंत साध्या पद्धतीने जमतं, पंधरा ते तीसच्या पट्ट्यात भिंतीच्या दोन्ही बाजू आलटून पालटून उतरत न्याव्या लागतात.

ते असं: रफिंगनंतर (पहिल्या ढोबळ कापणीनंतर) भिंत ४ मिमीच्या आसपास ठेवा. डावीकडून ४ मिमी खोल फिनिश करा. मग उजवीकडून ८ मिमी. मग डावीकडे ४ वरून १२ वर या. मग उजवीकडे १६ वर. कटर जिथे कापतोय त्याच्या पाठीमागे आणि खाली नेहमी जाड मटेरियल उभं राहिलं पाहिजे, हे एकच सूत्र. एक बाजू तळापर्यंत संपवून मग दुसरी घेतलीत तर दुसऱ्या बाजूला वरचे १० मिमी नक्की लहरी येतात.

आणि पातळ तळ असेल तर मधोमध हेलिकल उतरून बाहेरच्या दिशेने सर्पिल कापत जा, म्हणजे न कापलेलं मटेरियल शेवटपर्यंत आधार देतं.

तीनफ्लूट

चॅटरवर, म्हणजे कापतानाच्या थरथरीवर, आणखी. ‘आवाज आला की आरपीएम कमी करा’ हा सल्ला अ‍ॅल्युमिनियममध्ये अर्ध्या वेळा चुकीचा ठरतो. आधी आवाजाची फ्रीक्वेन्सी मोजा. फोनवरचं साधं स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप पुरतं. कटर हवेत फिरत असतानाचा आवाज आधी टिपून ठेवा, म्हणजे स्पिंडलची स्वतःची शिखरं वेगळी काढता येतील. समजा चॅटर १,२०० हर्ट्झवर आहे आणि कटरला ३ फ्लूट. साठ गुणिले १,२०० भागिले ३ म्हणजे २४,०००. हा पहिला शांत वेग. त्याचा निम्मा १२,०००, तिसरा भाग ८,०००. म्हणजे १०,५०० वर ओरडणारा कटर १२,००० वर गप्प होऊ शकतो, आणि ९,५०० वर तितकाच ओरडेल. बीटी४० वाल्या मशीनवर हे गणित सोन्यासारखं आहे, कारण वर जायला जागा कमी असते आणि नेमका वेग निवडल्यानेच खोली वाढवता येते. टूल बदललं, बाहेर काढलेली लांबी २ मिमीने बदलली, तरी पुन्हा मोजायचं.

कडेकडेने

नवीन आहे, प्रश्न साधा आहे. ट्रोकॉइडल टूलपाथमध्ये (कटर गोल फेऱ्या घेत थोडं थोडं कापतो) कॅम, म्हणजे टूलपाथ बनवणारं, सॉफ्टवेअर आपोआप जास्त फीड सुचवतं. ०.१० सांगितलं असताना ते ०.१६ दाखवतं. हे बरोबर आहे का?

तीनफ्लूट

बरोबर आहे, आणि प्रश्न चांगला विचारलात. १२ मिमीच्या कटरने १.२ मिमी रुंद घेतलं, म्हणजे व्यासाच्या दहा टक्के, की दात मटेरियलला नुसता चाटून जातो. प्रोग्रॅममध्ये ०.१० लिहिलं तरी खरी चिपची जाडी त्याच्या ०.६ पट, म्हणजे ०.०६ भरते. खरी ०.१० हवी तर प्रोग्रॅमचा फीड ०.१६७ लागतो. १२,००० आरपीएम आणि ३ फ्लूटवर ते ६,००० मिमी/मिनिट. ६०६१ मध्ये ही दुरुस्ती केली नाही तर चिकटण्याला आमंत्रण दिलं समजा. रुंदी व्यासाच्या निम्म्यावर गेली की ही दुरुस्ती लागत नाही.

याच जागी एक चूक वारंवार होते. पॉकेटचा कोपरा आर६ (६ मिमी त्रिज्येचा) आहे म्हणून १२ मिमीचाच कटर घेतात. सरळ कापताना दात साधारण ३७ अंश मटेरियलमध्ये असतो. कोपऱ्यात शिरताच हा कोन १२० च्या पुढे जातो. कटर किंचाळतो, कोपऱ्यात खड्डा पडतो. आर६ ला १० मिमीचा कटर घ्या आणि कोपरा वळून घ्या.

जॉबसेटर

टूलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

चारही मटेरियलला एकच कटर चालेल का? रफिंगला हो. २ किंवा ३ फ्लूट, ३५ ते ४५ अंश हेलिक्स (धारेचा पीळ), पॉलिश केलेली गल्ली (दातांमधली खाच). ४ फ्लूट घेऊ नका. पॉकेटमध्ये चिपला बाहेर पडायला जागा राहत नाही. कोटिंग नसलेला कटर उत्तम चालतो. कोटिंग हवंच तर टायटॅनियम डायबोराइड, झिर्कोनियम नायट्राइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारखा कार्बन). स्टीलसाठी घेतलेला टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडवाला कटर इथे लावू नका. त्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम असतं, चिप त्याला धरते, शिवाय कोटिंगच्या जाडीने धार बोथट झालेली असते. स्टील कापलेला कटर तर नकोच, डोळ्यांना दिसत नाही पण धार बसलेली असते.

६०६१ मध्ये धार चिकटून भरली असेल आणि कटर बिनकोटिंगचा सॉलिड कार्बाइड असेल तर तो टाकून देऊ नका. साधारण १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवा. अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, कार्बाइड तसंच राहतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर, हातमोजे आणि चष्मा घालूनच. धुऊन भिंगाखाली बघा: धार सलग असेल तर पुन्हा लावा, दातरली असेल तर बाद.

होल्डरकडे दुर्लक्ष होतं. दाताला ०.१० चा फीड आणि रनआउट (फिरताना कटर केंद्रापासून हलणं) ०.०३ असेल तर एक दात जास्त खातो, दुसरा कमी, आणि ६०६१ मध्ये कमी खाणारा दातच आधी भरतो. ०.०१ च्या आत ठेवा. २४,००० वर होल्डर कटरसकट जी२.५ या दर्जाला बॅलन्स केलेला हवा. ४५ अंश हेलिक्सचा कटर रफिंगमध्ये स्वतःला कॉलेटमधून खाली ओढतो. पॉकेटचा तळ हळूहळू खोल होत गेला, आणि झेड ऑफसेट तर बरोबर आहे, असं दिसलं तर शँकवर मार्करने रेघ मारून बघा, रेघ सरकलेली सापडेल.

बीटी४० मध्ये अजून एक: वेग वाढला की स्पिंडलचं तोंड पसरतं आणि टेपर आत ओढला जातो. एचएसके समोरच्या फेसवर टेकतो म्हणून तिथे हे होत नाही. बीटी४० वर फिनिशिंगच्या आधी स्पिंडल त्याच वेगावर गरम करून मग टूलची लांबी घ्या.

इन्सर्टचा (स्क्रूने बसवलेल्या सुट्या धारेचा) कटर लावणार असाल तर बॉडीवर कोरलेला कमाल आरपीएम वाचल्याशिवाय स्पिंडल सुरू करू नका. ५० मिमी व्यासाचा कटर २४,००० वर सेकंदाला ६३ मीटरने फिरतो. तिथे सैल किंवा जुना स्क्रू म्हणजे सुटलेली गोळी. अ‍ॅल्युमिनियमसाठीच्या कटरला इन्सर्टच्या खाली दातेरी बैठक असते ती याचसाठी. स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा आणि इन्सर्टबरोबर तोही ठरावीक काळाने बदला.

कॅमकर

आता क्लॅम्पिंग आणि वाकणं यावर क्रम हवा आहे. ५२ मिमी जाडीची रिब, प्लेट ६० मिमी. वाचनात येतं की रफिंगनंतर जॉब रात्रभर सोडून ठेवावा. दोन्ही मशीनवर रात्रभर थांबणं परवडणारं नाही.

शॉपफ्लोर

रात्रभर ठेवायचाच. जॉबला ‘बसू’ द्यायचा असतो. ही जुनी आणि पक्की रीत आहे.

उष्मोपचार

इथे नम्रपणे असहमत. रीत चांगली, पण कारण वेगळं आहे, आणि कारण कळलं की वेळ वाचतो. क्लॅम्प सोडताक्षणी कोंडलेला ताण जॉबला वाकवतो, ते लगेच होतं. खोलीच्या तापमानाला ७०७५ किंवा ७०५० मध्ये रात्रभरात ताण आणखी सुटावा, असं काही घडत नाही. वाट बघायची ती तापमानासाठी. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३.५ मायक्रॉन वाढतं. ५०० मिमीचा जॉब ५ अंश जास्त गरम असताना फिनिश केलात तर लांबीत सुमारे ०.०६ मिमीचा घोटाळा. कूलंट भरपूर असेल तर जॉब अर्ध्या-एक तासात टेबलाच्या तापमानाला येतो. स्पर्शाच्या थर्मामीटरने जॉब आणि टेबल दोन्ही मोजा. आकडे जुळले की पुढे चला.

मायक्रॉनवाला

उष्मोपचार यांच्याशी सहमत. क्रम सांगतो.

६० च्या प्लेटमधून ५२ काढताना दोन्ही बाजूंनी ४-४ मिमी घ्या. वरून ७ आणि खालून १ असं करू नका. जॉबचा मध्य आणि प्लेटचा मध्य जितका जुळेल तितका ताण समतोल राहतो. पहिली बाजू रफ करा, भिंती आणि तळ दोन्हींवर २ मिमी ठेवून. उलटा, दुसरी बाजू तशीच. आता सगळे क्लॅम्प सोडा आणि जॉब सपाट टेबलावर मोकळा ठेवा. फीलर गेज चहूबाजूंनी फिरवा, कुठे किती पोकळी आहे ते जॉबवरच मार्करने लिहा.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. त्या पोकळ्यांत तेवढ्याच जाडीचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) भरा आणि मगच क्लॅम्प हलके आवळा, डायल जॉबवर ठेवून, काटा ०.०२ च्या वर हलू न देता. शिम न भरता आवळलात तर वाकलेला जॉब तुम्ही दाबून सरळ केलात, वरून सपाट फेस मारलात आणि सोडल्यावर तो पुन्हा होता तसाच वाकणार. शिमवर बसवून ०.३ ते ०.५ मिमीचा हलका फेस घ्या. हा झाला खरा डेटम (मापांचा आधार पृष्ठभाग). उलटा, या डेटमवर बसवा, फिनिश करा.

सफाई झाल्यावरही ०.१ ते ०.२ मिमी वाकत असेल आणि भिंत २ मिमीच्या आत असेल, तर संशय प्लेटवर घेऊ नका, कटरवर घ्या. बोथट धार पृष्ठभागात स्वतःचा ताण घालते. तो थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच खोल असतो, पण १.५ मिमीच्या भिंतीला तेवढा पुरतो. फिनिशिंगचा कटर वेगळा ठेवा, त्याने रफिंग कधीच करू नका.

जॉबसेटर

व्हॅक्यूम फिक्स्चर वापरणार असाल तर हिशोब करा. ३०० बाय २०० चा जॉब म्हणजे ६०० चौरस सेंटीमीटर. ०.८५ बारची ओढ मिळाली तर धरून ठेवणारं बल सुमारे ५,१०० न्यूटन. पण कटर बाजूला ढकलतो, तिथे घर्षणच कामाला येतं, ०.२ धरलं तर जेमतेम १,००० न्यूटन. आता १६ मिमीचा ३ फ्लूट कटर, १६ मिमी खोल, ८ मिमी रुंद, १२,००० आरपीएम, ४,००० मिमी/मिनिट: मिनिटाला ५१२ घन सेंमी चिप. अ‍ॅल्युमिनियमला कापण्याचं विशिष्ट बल ७५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरलं तर ६.४ किलोवॅट लागतात. ६०३ मी/मिनिटला याचं सरासरी स्पर्शीय बल साधारण ६४० न्यूटन, आणि क्षणाक्षणाला ते याच्याही वर उसळतं. एवढ्या कमी फरकावर जॉब सोडू नका. व्हॅक्यूमवर फक्त फिनिशिंग. रफिंगला बोल्ट किंवा टॅब (जॉबला धरून न कापता ठेवलेले मटेरियलचे तुकडे).

७०७५ ला विशिष्ट बल ६०६१ पेक्षा थोडं जास्त लागतं, दहा-पंधरा टक्के राखून ठेवा. ताकद जवळजवळ दुप्पट असूनही बल दुप्पट होत नाही, कारण चिप आखूड आणि पातळ सुटते.

कडेकडेने

प्लेटवरचा शिक्का कापला गेला आणि उरलेला तुकडा ६०६१ आहे की ७०७५, हे कळत नसेल तर?

उष्मोपचार

उडणाऱ्या भागाला कागद नसलेला तुकडा वापरायचाच नाही. फिक्स्चरसाठी हवा असेल तर कडकपणा आणि विद्युतवाहकता दोन्ही मोजा. एडी करंट मीटरवर ६०६१-टी६ ला शुद्ध तांब्याच्या ४३ टक्के, ७०७५-टी६ ला ३३, ७०७५-टी७३ ला ४० च्या आसपास, २०२४-टी३ ला ३०. नुसत्या कडकपणावर टी६ आणि टी७३ ची गल्लत होऊ शकते, वाहकतेवर होत नाही. पत्र्याचे तुकडे असतील तर लक्षात घ्या: २०२४ च्या पत्र्यावर बऱ्याचदा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. मीटर फसतो, आणि तो मऊ थर कटरलाही चिकटतो.

शॉपफ्लोर

तापमानाचा मुद्दा पटला. कूलंटबद्दल माझ्याकडून. इमल्शन ७ ते १० टक्के, रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन कूलंटच्या गुणकाने गुणून घ्या, नुसतं वाचन म्हणजे टक्केवारी नव्हे. पीएच ८.५ ते ९.२. साडेनवाच्या वर गेलं की अ‍ॅल्युमिनियमवर काळपट डाग पडतात. सगळ्यात आधी २०२४ वर, कारण त्यात ३.८ ते ४.९ टक्के तांबं आहे. ओला २०२४ जॉब स्टीलच्या वाइसमध्ये शनिवारी सोडून गेलात तर सोमवारी जबड्याच्या रेषेत काळे खड्डे सापडतील. ६०६१ एवढं सहन करतं, २०२४ आणि ७०७५ करत नाहीत. शिफ्ट संपताना जॉब काढा, धुवा, हवेने वाळवा.

खोल पॉकेटमध्ये कूलंटचं मुख्य काम गार करणं नाही, चिप उडवणं आहे. ४० मिमी खोल पॉकेटमध्ये कटर मोडला तर दहापैकी नऊ वेळा तो चिप पुन्हा कापताना मोडलेला असतो. नोजल कटरच्या मागे, तळाकडे रोखा. जमलं तर स्पिंडलमधून द्या.

कॅमकर

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: काही ड्रॉइंगवर २०५० आणि २१९५ ही लिथियमवाली नावं दिसतात. तिथे हेच सगळं चालेल?

तीनफ्लूट

कटर, फीड, वेग हेच, २०२४ जसं धरता तसं धरा. मॉड्युलस थोडा जास्त, ७६ जीपीएच्या आसपास, म्हणून भिंती किंचित बऱ्या उभ्या राहतात.

सांभाळायची ती चिप. २०५० मध्ये ०.७ ते १.३ टक्के लिथियम असतं, २१९५ मध्ये साधारण १. ही चिप बाकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात गेली तर अख्खा डबा भंगाराच्या दृष्टीने बिघडतो आणि वितळवताना धोकाही होतो. वेगळा डबा, वर मिश्रधातूचं नाव, आणि ग्रेड बदलताना मशीनचा कन्व्हेयर, चिप ट्रे आणि कूलंटची टाकी रिकामी करून साफ. ट्रेच्या कोपऱ्यात अडकलेली मूठभर चिपही पुढच्या डब्यात जाता कामा नये.